लढाई गल्लीत होती तेव्हा ओर्तोनाची माणसं कुठे होती?

तुमचा प्रश्न पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुमचे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते आणि १९४३च्या डिसेंबरात ते इटलीत, ओर्तोनाच्या बाजूला होते. घरात त्यांचं एकच वाक्य टिकून राहिलं आहे: ‘तोफा थांबल्या आणि जमिनीतनं माणसं निघाली.’ त्यावर तुम्ही एकांकिका लिहिताय आणि तिचा मसुदा मला पाठवलाय. तुम्ही विचारलंय, की गल्लीगल्लीत लढाई चालू असताना गावातले लोक पळून का गेले नाहीत, आणि राहिले ते कसे जगले?

मी मूळची कोल्हापूरची. गेली एकोणीस वर्षं पेस्काराजवळ राहते, ओर्तोनापासून साधारण वीस किलोमीटरवर. इथल्या युद्धभूमीवर आलेल्या घरच्यांना फिरवणं हे माझं पोटापाण्याचं काम. बहुतेक कॅनडाचे असतात, मधूनमधून आपल्याकडचे. मी इतिहासाची प्राध्यापक नाही. पण या गावातल्या म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसून बरंच ऐकलंय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी एक दुरुस्ती, कारण त्यावर तुमचा सगळा नेपथ्य-नकाशा अवलंबून आहे. ओर्तोना शहराच्या गल्ल्यांत लढले ते कॅनडाचे सैनिक, समोर जर्मनांची पहिली पॅराशूट डिव्हिजन. साधारण २० ते २८ डिसेंबर १९४३. तुमच्या पणजोबांची बटालियन आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती आणि ती डिव्हिजन कॅनडावाल्यांच्या डावीकडे, म्हणजे समुद्रापासून आत, चिखलाच्या टेकड्यांवर लढत होती. मोरो नदीवर बेंगॉल सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, शत्रूच्या काठाकडून उलटा बांधत आणलेला पूल याच डिव्हिजनचा, त्याचं नावच ‘अशक्य पूल’ पडलं. ओर्तोनापासून चार-पाच किलोमीटरवर व्हिला ग्रांदे नावाची वाडी आहे, तिथे याच डिव्हिजनने त्याच आठवड्यात घराघरातून लढाई केली. तेव्हा पणजोबांनी जमिनीतनं निघालेली माणसं पाहिली ती शहरातली असण्यापेक्षा अशा एखाद्या वाडीतली किंवा शेतघरातली असण्याची शक्यता जास्त. नाटकाला हे मारक नाही, उलट सोयीचं आहे. वाडीत पात्रं कमी लागतात.

आता ‘पळून का गेले नाहीत’. हा प्रश्न मला दर मोसमात कुणीतरी विचारतं, आणि तो चुकीच्या टोकाला धरलेला असतो. आपल्याला आज नकाशा वरून दिसतो, तारखा माहीत असतात. तेव्हाच्या गावातल्या एखाद्या बाईला काय दिसत होतं ते धरा. ८ सप्टेंबरला रेडिओवर जाहीर झालं की इटलीने दोस्त राष्ट्रांशी तह केला, म्हणजे युद्ध संपलं असं लोकांना वाटलं. दुसऱ्याच रात्री खुद्द राजा व्हित्तोरियो एमान्युएले तिसरा रोमहून निघून ओर्तोनाच्याच बंदरात आला आणि ‘बायोनेत्ता’ नावाच्या लढाऊ बोटीत बसून दक्षिणेला निघून गेला. मागे राहिले जर्मन. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोस्त सैन्य तेर्मोलीला उतरलं. तेर्मोली इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. लोकांनी हिशेब केला, आठवडा, फार तर दोन. तेवढ्यासाठी घरदार, डुक्कर, ऑलिव्हचं तेल सोडून कोण जातं? त्या सत्तर किलोमीटरना जवळजवळ तीन महिने लागले. पाऊस, सांग्रो नदीला आलेला पूर, वाहून गेलेले पूल, आणि प्रत्येक नदीवर थांबून लढणारे जर्मन.

आणि जायचं कुठे? पूर्वेला समुद्र. दक्षिणेला सरकत येणारी आघाडी. पश्चिमेला मायेल्ला पर्वत, डिसेंबरात बर्फाखाली. उत्तरेला जर्मन स्वतःच हाकलून नेत होते, गाव खाली करायचे हुकूम निघालेच होते. पण त्या वाटेवर धडधाकट पुरुष पकडून खंदक खणायला नेले जात, म्हणून पुरुष आधीच लपलेले. त्यांना सोडून बायका निघत नव्हत्या. शिवाय हुकूम पाळला नाही तर काय होतं याची बातमीही डोंगरातून येत होती. २१ नोव्हेंबरला रोक्कारासोजवळच्या पिएत्रान्सिएरी गावात, गाव सोडायला सांगूनही शेतघरांत राहिलेल्या १२८ जणांना जर्मनांनी मारलं, त्यात बायका आणि लहान मुलंच जास्त. म्हणजे गेलं तरी भीती, राहिलं तरी भीती. अशा वेळी माणूस ‘निर्णय’ घेत नाही हो. सासूला चालता येत नाही, एवढ्यावर प्रश्न मिटतो.

बरेच जण गेलेही, हे विसरू नका. त्यांना इथे ‘स्फोल्लाती’ म्हणतात, म्हणजे गाव रिकामं करून निघालेले. कुणी नातेवाइकांच्या शेतावर, कुणी नदीकाठच्या गुहांत. शहराची वस्ती तेव्हा दहा हजारांच्या आसपास होती. लढाईच्या दिवसांत त्यातले किती आत होते याचा नेमका आकडा मी कुणाला सांगत नाही, कारण एकच कुटुंब सकाळी बाहेर आणि रात्री आत असंही होत होतं. शेतावरच्या वाडीवर गोळे पडायला लागले की लोक उलट शहरात यायचे, दगडी तळघरं तिथे म्हणून.

तर ही तळघरं. आपल्याकडे वाड्यांत धान्याचं पेव असायचं ना, तसं काहीसं मनात आणा, फक्त उभं राहता येईल एवढं. वर दोन-तीन मजली दगडी घर, खाली कमानीची खोली, तिथे दारूची पिंपं, तेलाचे रांजण, लाकूडफाटा. अशा एका खोलीत तीन-चार घरं राहायची. झोपायला पेंढा किंवा वरून आणलेल्या गाद्या. उजेडाला तेलाचा दिवा, कारण ऑलिव्हचं तेल होतं आणि रॉकेल नव्हतं. कोपऱ्यात बादली. तिच्यापुढे चादर लावलेली. पहिले दोन दिवस बायका त्या चादरीची लाज धरायच्या, नंतर कुणी धरायचं नाही, असं एका आजींनी मला हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या.

त्याच आजींकडून मी माझ्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकले. नवीन होते तेव्हा वही उघडून विचारायची, ‘तुमच्यासाठी लढाई कधी सुरू झाली?’ म्हातारी माणसं गप्प बसायची, किंवा पुस्तकातली तारीख सांगायची. या आजी म्हणाल्या, ‘आमची खेचरं नेली त्या दिवशी.’ ते ऑक्टोबरात. बंदुकीचा आवाजही तेव्हा आला नव्हता. त्यानंतर मी तारखा विचारणं सोडलं. आता एकच विचारते: पाणी कोण आणायचं?

या प्रश्नाने सगळं घर बोलायला लागतं. अन्न बहुतेक तळघरांत थोडंफार होतं. सरकारी रेशनवर पाव माणशी १५० ग्रॅम, तोही आघाडी जवळ आल्यावर मिळेना. पण हा शेतकऱ्यांचा मुलूख. मक्याचं पीठ, वाल, सुकवलेले अंजीर, कांदे, तेल, दारू. हुशार घरांनी शरद ऋतूतच एका खोलीचं दार विटांनी बंद करून, वर जुना चुना फासून, त्यामागे पीठ आणि कपडे लपवले होते. मिठाचा तुटवडा होता, म्हणून किनाऱ्यावरचे लोक समुद्राचं पाणी उकळवायचे, तेही किनाऱ्यावर जाता येई तोवर. पण गोडं पाणी साठवून साठवून किती साठवणार? विहीर किंवा टाकं अंगणात, नाहीतर गल्लीच्या तोंडाशी. वीस पावलं. त्या वीस पावलांत माणसं मेली. आधी पुरुष जायचे, पण पुरुष दिसला की जर्मन कामाला धरणार, म्हणून बायका जायला लागल्या. मग कुणीतरी म्हणायचं की मुलांवर कुणी गोळी झाडत नाही, म्हणून मुलं. हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या घरांत ऐकलंय. तिसऱ्या घरात ते सांगणाऱ्या आजोबांनी पुढचं काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

डिसेंबरात पाऊस भरपूर होता, त्यामुळे पन्हळीखाली भांडी लावून काही घरं तरली. पावसाने सैनिकांचे हाल केले आणि तळघरांना पाणी पुरवलं. तुमच्या पणजोबांनी जर पावसाला शिव्या दिल्या असतील, तर तोच पाऊस कुणीतरी पातेल्यात धरत होतं. पाहा, हे वापरता आलं तर.

लढाईचा प्रकार समजून घ्या, कारण तळघरातल्या माणसांना ती फक्त कानाने कळत होती. जर्मनांनी आडव्या गल्ल्यांतली घरं सुरुंगाने पाडून ढिगारे केले, जेणेकरून रणगाडे एकाच मोठ्या रस्त्याने चौकाकडे यावेत. तो ढिगारा ज्या घराचा, त्याच्या तळघराचं तोंड त्याखाली. संत तोमासोच्या चर्चचा मोठा भाग २१ डिसेंबरला उडवला गेला. (या संत तोमासोचा आपल्याशी संबंध आहे. भारतात आला आणि मयलापूरला मारला गेला अशी श्रद्धा असलेला तोच थॉमस. त्याच्या अस्थी १२५८ पासून ओर्तोनात आहेत आणि त्या सुखरूप राहिल्या.) रस्त्यावर डोकं काढता येत नव्हतं, म्हणून कॅनडाचे सैनिक घराघरांतली सामाईक भिंत स्फोटाने फोडून एका घरातून दुसऱ्या घरात शिरायचे. वरच्या मजल्यावर भोक पाडायचं, हातबॉम्ब टाकायचे, मग खाली उतरत साफ करायचं. खाली बसलेल्यांना काय ऐकू येत असेल? शेजाऱ्याच्या घरात धडाड्. मग आपल्या डोक्यावर धडाड्. मग बूट. मग जिन्याचं दार. त्या दारातून येणारा कोण आहे हे ठरायच्या आत तो हातबॉम्ब टाकणार की नाही हे ठरणार. म्हणून तळघरातले लोक बाळाला रडू द्यायचे, गप्प करायचे नाहीत. बाळाचं रडणं ऐकून सैनिक थांबतो, हे लोकांना दोन-तीन दिवसांत कळलं होतं. नाटकात आपण नेहमी उलटं दाखवतो, आई बाळाचं तोंड दाबते वगैरे. लपायचं असेल तर ते खरं. पण इथे लपायचं नव्हतं, ‘आम्ही साधी माणसं आहोत’ हे ओरडून सांगायचं होतं.

हे सगळीकडे असंच झालं असं मात्र समजू नका. समुद्राकडच्या टोकाला, जिथे जर्मन शेवटपर्यंत होते, तिथले लोक अगदी उलटं सांगतात. शेतघरांतलं आणखी वेगळं. तिथे भोकं-भिंती नव्हत्या, तिथे तोफखाना होता. घर एकटं, उघड्यावर, आणि दोन्ही बाजूंना तेच हवं असायचं. व्हिला ग्रांदेसारख्या ठिकाणी सकाळी जर्मन, दुपारी हिंदी किंवा इंग्रज सैनिक, रात्री पुन्हा जर्मन, आणि खाली गोठ्याच्या भिंतीला टेकून तेच कुटुंब. तुमचं नाटक तिथे घडत असेल तर गोठा हवा, तळघर नको. जनावराची ऊब ही एकमेव शेकोटी होती, आणि जनावर नेलं गेलं असेल तर तीही नाही.

मेलेल्यांचं काय करायचे, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पहिल्याच प्रवेशात तुमच्या नाटकातली आजी मरते, म्हणून सांगते. तिला लगेच पुरता येणार नाही. तळघरातच, चादरीत गुंडाळून, सगळ्यात थंड भिंतीला. पाद्री येईलच असं नाही. जमेल तेव्हा अंगणात किंवा मळ्यात, आणि युद्धानंतर उकरून दफनभूमीत. त्या वर्षीच्या मृत्यूंच्या नोंदी वाचताना म्हणूनच गोंधळ होतो, मरण एका महिन्यात आणि नोंद दुसऱ्याच. ओर्तोनातल्या नागरिकांच्या मृत्यूचा जो आकडा सांगितला जातो तो १३१४. तो त्या आठ दिवसांचा धरू नका. आधीचे बॉम्बहल्ले, नंतरचा महिनोन् महिने चाललेला तोफांचा मारा, सुरुंग, सगळं त्यात येतं. आणि हे लोक फक्त जर्मनांच्या हातून मेले नाहीत. सुटका करायला येणाऱ्यांचे गोळेही त्याच छपरांवर पडत होते. इथली म्हातारी माणसं हे रागाने सांगत नाहीत, पण सांगतात. कॅनडाहून आलेल्या नातवंडांना भाषांतर करून सांगताना सुरुवातीला मी ते वाक्य गाळायचे. आता गाळत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रवेशाबद्दल माझा सरळ आक्षेप आहे. तोफा थांबतात, लोक बाहेर येतात, नाचतात, सैनिकांना फुलं देतात. हे रोममध्ये झालं असेल, जूनमध्ये. ओर्तोनात २८ डिसेंबरच्या सकाळी जर्मन गेलेले होते, पण फार लांब नाही. आघाडी उत्तरेला काही किलोमीटरवर थांबली आणि थेट जून १९४४ पर्यंत थांबून राहिली. म्हणजे ‘सुटका’ झाल्यावरही पाच महिने गावावर गोळे येत होते. त्यातच घरांत, दारांत, अगदी सामानातही पेरलेले सुरुंग. लोक बाहेर आले ते धूळ माखलेले, डोळे बारीक करून, आणि पहिल्यांदा शोधलं काय तर आपलं घर, मग विहीर, मग भाऊ-दीर कुठे आहेत ते. दोस्तांच्या लष्करी प्रशासनाने पुष्कळांना ट्रकांत बसवून दक्षिणेला पाठवलं, पुलियाकडे. ज्यांनी जर्मनांच्या हुकुमाला न जुमानता घर सोडलं नव्हतं, त्यांना ते आता मित्रांच्या हुकुमाने सोडावं लागलं. फुलांपेक्षा मला हा ट्रक नाटकात बघायला आवडेल.

नाताळचं जेवण मात्र खरं आहे, तेवढं ठेवा. २५ डिसेंबरला सीफोर्थ हायलँडर्स या कॅनडाच्या रेजिमेंटच्या तुकड्या आळीपाळीने लढाईतून मागे येऊन सांता मारिया दी कोस्तान्तिनोपोली चर्चमध्ये पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवल्या आणि पुन्हा लढायला गेल्या. कॅनडाच्या पाहुण्यांना मी तिथे नेते तेव्हा सगळे हळवे होतात. मी एवढंच सांगते की तिथून काहीशे मीटरवर तळघरांतही नाताळच होता.

पणजोबांकडे वळू. इथल्या शेतकऱ्याला हिंदी सैनिक अगदीच नवलाईचा नव्हता. डोंगरापलीकडे अव्हेत्सानोला हिंदी युद्धकैद्यांची छावणी होती. सप्टेंबरात पहारा ढिला झाल्यावर त्यातले अनेक जण निसटले आणि अब्रुत्सोच्या, म्हणजे या आमच्या प्रांताच्या, खेड्यांत लपून राहिले, शेतकऱ्यांच्या पेंढ्यात, त्यांच्या मक्याच्या भाकरीवर. पकडले तर लपवणाऱ्याचं घर जळणार हे माहीत असूनही. म्हणून ‘गावकरी काळ्या सैनिकाला बघून किंचाळतात’ हा तुमचा प्रसंग मी काढून टाकेन. किंचाळायचे ते कुठलाही बूट दिसला तरी किंचाळायचे.

तुम्ही इथे आलात तर आधी तोरिनो दी सांग्रोच्या लष्करी दफनभूमीत जाऊ. तिथे अग्निसंस्कार झालेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. पणजोबा परत आले, त्यामुळे त्यांचं नाव तिथे नसणार, पण त्यांच्या कंपनीतलं एखादं आडनाव ओळखीचं निघेल. सातारा-कोल्हापूरकडची माणसं तिथे बोट फिरवत वाचायला लागली की मी बाजूला जाऊन बसते. मोठ्याने वाचलं जातं बहुतेक.

राहिला तुमचा शेवटचा, छोटा प्रश्न, की सैनिक आणि गावकरी एकमेकांशी बोलायचे कसे, पणजोबांना इटालियन येत असेल का. पाच-सहा शब्द नक्की येत असतील, तेवढे सगळ्यांनाच आले. आक्वा म्हणजे पाणी, पाने म्हणजे पाव, काझा म्हणजे घर. मीने म्हणजे सुरुंग, तो पहिल्या दिवशी शिकायचा. आणि तेदेस्की म्हणजे जर्मन. दारात उभं राहून सैनिक विचारायचा, ‘तेदेस्की?’ आतली बाई मान हलवायची किंवा बोटाने दिशा दाखवायची, आणि मग रिकामी कळशी त्याच्यापुढे धरायची. तुमच्या एकांकिकेत दोघांना एवढंच बोलू द्या.